दोन घुम्यायचं जमन का?

मुका नाई गा, पत्रू. पोरगा बोलते. मी माह्या कानानं ऐकलं हाये. फोनवर तू इचारलं, "बाई, तो प्रवीण मुका तं नाई ना?" अन् मी सांगाले सुरू झाली तं तू फोनच ठेवून देल्ला (म्हणे आंगणात मिरच्या वाळू घातल्या हायेत. मिरच्या काय उडून जातात का?). म्हून हा कागद घेतला. कागदाले मधातच ठेवता येत नाई.

तं माह्या लहान्या भावाले, सिरोंच्याच्या मिरचीवाल्याले, गुणाबाईचा जयभीम अन् आशीर्वाद. तुये गुडघे कसे हायेत? रंजीताच्या मायचा खोकला गेला का? माह्या तब्येतीचं इचारशीन तं जेवण जाते, झोप लागते, फक्त डोक्शाले ताप हाये, अन् तो ताप तुया पोरीनं, रंजीतानं, देल्ला हाये. मॅट्रिकले माह्याकडे धाडली होती का आत्यापाशी राहून जरा बोलकी होईन. शिलाई शिकली, ब्लाउज शिवून कमवाले लागली, पण बोलकी काई झाली नाई. तिच्या वाटचं मीच बोलतो म्हून झाली नाई, असं शेजारची गिरजाबाई म्हणते. तिच्या बोलण्याकडे ध्यान देऊ नको.

आता मुद्द्याचं. इतवारी तुले प्रवीणच्या मायले हो का नाई ते सांगाचं हाये, अन् तू मले इचारतं का बाई, दोघंही घुमे, त्यायचं जमन का? नाई जमत! तू म्हणतं घुमा म्हणजे घुमा. तसं नसते गा. धानात कसे वाण राह्यतात, तसे घुम्यातही राह्यतात. रंजीताच्या पोटात बोलणं ठासून भरलेलं राह्यते. एखादी बाई ब्लाउजवरून तिच्यासंग भांडून जाते, तवा हे खाली मान घालून मशीन चालवते, अन् दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून त्या बाईचं सबन उत्तर मले देते. मी काय केलं होतं? प्रवीणचं तसं नाई. त्याच्या आतमंदी काई साचतच नाई. वाघाचे फोटो काढाले जंगल खात्याचे कॅमेरे झाडाले बांधत फिरते, दिवसभर झाडायत राहून झाडावानी झाला. इचारलं तं सांगते, नाई इचारलं तं खुशाल बसते. म्हणजे एकीले कोणी तरी इचारलं पाहिजे, अन् दुसरा इचारतच नाई. आता तूच सांग.

पाहाले आला त्या दिवशीचं आयक. माय-लेक दोघंच आले. माय तशीच (बी कुठून आलं ते कळलं). पोहे थंडे झाले, मी एकटी बोलून बोलून घसा बसवून घेतला. पाऊस, धान, सोयाबीन, माह्या नणंदेचं ऑपरेशन, सबन सांगून झालं. मंग म्हटलं, "बापू, पोरीले काई इचाराचं हाये का?" त्यानं वर पाह्यलं. म्हणे, "पंखा आवाज करते." अन् उठला, स्टुलावर चढला, पंखाच खोलाले बसला! पोट्टीनं स्टूल धरून ठेवलं. पाना दे म्हणाले लागलं नाई, त्यानं हात खाली केला का हे पाना ठेवे. पंखा चुप झाला, पाहुणे चुपचाप गेले. अन् तुयी पोरगी सांजच्याले मले म्हणते, "आत्या, चांगला हाये." काऊन चांगला हाये? लाईनमन पाहाले आला होता का?

मंग मी ठरवलं का या दोघायले बोलतं केल्याशिवाय सोडाचं नाई. मोहाची फुलं पडून राह्यली होती, सबन गाव वेचाले जाये. तुयं अर्धं आयुष्य नदीकाठी गेलं, पण तुले आठवत असन, मोहा वेचताना तोंड बंद ठेवू नये. वाकलेल्या माणसाले वाघ जनावर समजते, माणसाचा आवाज आला तं बाजूनं निघून जाते. म्हून वेचता वेचता एकानं हाक द्याची, दुसऱ्यानं ओ द्याची. म्हटलं, आता तं बोलनच ना! प्रवीणले सुट्टीच्या दिवशी बोलावलं, दोघायले टोपल्या देल्या, अन् आपण पाय मुरगळल्याचं सोंग करून मांगं एका झाडाखाली बसली.

बसली तं बसली. आवाजच नाई! कान लावला, पाखरायशिवाय काई नाई. मले वाटलं, यानं हाक देल्ली नसन, तिनं ओ देल्ली नसन, अन् तिसऱ्यानंच येऊन दोघायले नेलं असन! मुरगळलेला पाय इसरून मी उभी झाली, टोपली बडवली, बोंब मारली, जे गाणं येते ते म्हटलं (लगनातली गाणीच येतात मले). सबन मोहावाले काठ्या घेऊन धावत आले. पाहतो तं काय, मोठ्या मोहाखाली दोघं पाठीले पाठ लावून वेचून राह्यले. हा काडीनं टोपलीवर टक करे, तिकडून तिची टक येये. असंच सकाळपासून चालू होतं म्हणे. आधी मले ते पाखरूच वाटलं, अन् मंग माह्या गाण्यात टकटक आयकू काऊन येईन! अन् जी पोट्टी गिऱ्हाइकिणीसमोर तोंड उघडत नाई, ते सबन गावासमोर म्हणते, "आत्या, थोडी चुप बस ना!" गाव हसलं. तो बी हसला, पण आवाज नाई.

तवापासून तो दर इतवारी येते. ओसरीवर बसते. हे शिवते, तो कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पुसते. मधात मी. अन् यायचं भांडण झालेलं बी समजत नाई गा! हिनं त्याच्यासाठी शर्ट शिवला. त्यानं घेतला, घरी नेला, चांगला का वाईट काई म्हटलं नाई. हे चिडली. कशी चिडली? त्याच्या चहात साखर टाकणं बंद! तो प्याला. पुढच्या इतवारी बी प्याला. पार चैत सरला, हा गपगप पेते अन् कप धुवून ठेवते. शेवटी मलेच राहवलं नाई. म्हटलं, "बापू, चहा गोड लागते का?" म्हणे, "नाई जी. मले वाटलं, आता असाच राहीन." रंजीता हसली तं हसतच सुटली, डोळ्यातून पाणी आलं, अन् साखरेचा डबाच आणून त्याच्यासमोर आपटला. तवा कुठी साहेब बोलले, "शर्ट कामावर घालत नाई. काट्यानं फाटन."

एवढ्या दोन वाक्यायसाठी दोन महिने! अन् तेही मी इचारलं म्हून. अशा दोघायचा संसार कसा चालन? घरात आग लागली तं एक म्हणन नाई अन् दुसरा इचारन नाई. माह्यानं आता होत नाई, पत्रू. इतवारी त्यायले नाई सांगून दे अन् पोरीसाठी एखादा बोलका पाहा.

आणखी काय लिहू. मिरची चांगली झाली असन तं थोडी धाड, पण जास्त तिखट नको.

तुयी बाई,
गुणा

ता. क. : नाई सांगू नको. वरचं मी परवा रागात लिवलं. काल तिले बारीक ताप होता, तं तो कामाच्या दिवशी येऊन ओसरीवर बसून गेला. काई बोलला नाई, पण ताप उतरेपर्यंत उठला बी नाई. हो सांग.

ता. क. दुसरा : पण एक अट घाल. लगन झाल्यावर दोघायनं माह्याच घरी राहावं. त्याची माय थोरल्यापाशी राह्यते, अन् हा चामोर्शीले भाड्याच्या खोलीत एकटा पडून राह्यते, तं इथी काय वाईट हाये? अट तू घातली म्हून सांग, माहं नाव घेऊ नको. मी त्याले इचारून ठेवलं हाये. "बरं जी" म्हणे.

ता. क. शेवटचा : त्या दोघायचं जमो का नाई जमो, मले त्याची एवढी फिकीर नाई. तुये भाऊजी वामनराव गेल्यावर पोरगी होती म्हून निभलं. पोरगी गेली का या घरात एकटी राहाले मले भेव वाटते.