आल्फ्रेड राजाची घरची बोली

शुक्रवार, संध्याकाळ. लुसैल, कतार

माझ्या सईला रविवारी (इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो) वर्गात आल्फ्रेड राजावर बोलायचंय. मी मराठीत विचारत होते, ती इंग्रजीत सांगत होती, नेहमीसारखी. आज मात्र मी ऐकतच राहिले. हजार वर्षांमागचा इंग्लंडातला राजा, सतत लढाया, त्यात आजारपण, आणि चाळिशीला टेकलेला हा माणूस लॅटिन शिकायला बसला! का, तर पुस्तकं सगळी लॅटिनमध्ये, आणि ती वाचता येणारे फारच थोडे उरलेले. मग ती पुस्तकं त्याने लोकांच्या घरच्या बोलीत आणली. ती बोली म्हणजे इंग्रजी. जी बोलताना मी मीटिंगमध्ये अजून चाचरते, ती! कमालच आहे.

आणि मी? साताऱ्याहून सासूबाईंचे व्हॉइस मेसेज येतात, ते मीच सईला इंग्रजीत सांगते. पटकन आटपावं म्हणून. चाळिशीला टेकलेल्या राजाला लढायांतून वेळ मिळाला, मला नाही?

आज मेसेज आला तेव्हा काही न सांगता फोन तिच्या हातात दिला. तिने दोनदा ऐकला. मग रेकॉर्डचं बटण दाबून हळूच मराठीत म्हणाली, “आजी, एक राजा होता. तो... मोठा झाल्यावर शिकला.”