आनंदाबाईच्या ताटाची व्यवस्था

मी, किसनराव संपतराव भोयर, वय ५२, धंदा शेती व टवाळी, राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणावाचून स्वहस्ते लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. जीभही आहे, आणि तीच धाकटा भाऊ रूपराव यास खुपते. डॉक्टरने माझ्या पोटात गाठ सांगितली. ती मिरचीची, असे रूपरावाचे मत. डॉक्टरला ते मान्य नाही; पण डॉक्टर मीठ खातो.

१) घराचा माझा हिस्सा, विहीर व तिच्याजवळचे वावर पत्नी आनंदाबाई हिला. मूलबाळ नाही.

२) रूपरावाने एका शिबिरातून बिनमिठाचे, उकडलेले खाण्याचे व्रत आणले. त्याने ते खुशाल पाळावे. त्याच्या पोटावर माझा हक्क नाही. पण ते त्याने सामाईक चुलीवर बसवले. माय अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला म्हणाली, "रूपा, खाऊ नोको देऊ, नुसता जिभेले ठेचा लावू दे." त्याने उकडलेला दुधी दिला, वर संयम समजावला. मी सेलूच्या बाजारातून मिरच्या घेऊन परतलो, तोवर तिचा जबडा बांधून झाला होता.

दहाव्याला पिंडापुढे ठेचा ठेवला, तो रूपरावानेच. कावळा शिवेना. सगळे गाव नदीवर उन्हात ताटकळले. शेवटी त्याने हात जोडले, "माय, आजपासून या घरात ज्याले जे पाह्यजे ते शिजन." कावळा शिवला. संध्याकाळी खलबत्ता रूपरावाच्या कोठीत कुलूपबंद. शब्द मेलेल्याला दिलेला; फिर्याद कोण करणार?

३) सबब माझ्यामागे आनंदाबाईची चूल वेगळी. विधवेला तिखट कशाला, असे म्हणत जो कोणी तिच्या चुलीवरल्या गंजाचे झाकण उचलेल, त्याच्या वावराला माझ्या विहिरीचे पाणी बंद. रूपरावाला दुसरी विहीर नाही, हे मला ठाऊक आहे.

४) 'तिने दर रविवारी मटण खावे' असे कलम येथे होते. वाचून दाखवले तर म्हणाली, "मले मटण कधी आवडलं, ते इचारलं काय? मेल्यावरबी तुमीच वाढनार काय माह्या ताटात?" कलम रद्द. खोडाखोडीवर माझी सही आहे. काय खायचे ते ती ठरवेल. हे मृत्युपत्रही तिला आड येणार नाही.

५) वर्तमानपत्रांत छापून आलेले माझे टवाळीचे सगळे लेख रूपरावाला. त्यांत तो आहेच.

६) माझ्या दहाव्याला कावळ्याला कोणीही शब्द देऊ नये. रूपरावाने आधी कोठी उघडावी, खलबत्ता आनंदाबाईच्या ओट्यावर आणून ठेवावा, मगच कावळ्याला हाक मारावी. तोवर मी थांबेन. मायही थांबलीच आहे.

साक्षीदार: तानबा लक्ष्मण इखार, नत्थूजी डोमाजी मून. दोघांचे जेवण वेगळे, बसण्याचा ओटा एक.

मुक्काम आंजी (मोठी), ता. १४ मार्च १९५७
सही: किसनराव संपतराव भोयर