रिकाम्या जात्यावर

१४ डिसें., शनि., सकाळी १०.४०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कोणी 'असं झालंच नाही' म्हणायला नको. शाळेच्या लोकगीतांच्या कार्यक्रमात केनवडच्या सुभद्राबाईंना रिकामं जातं फिरवायला लावलं. त्यांना जीपमध्ये बसवून रिसोडला आणलं मीच. पदरात ज्वारी बांधून आल्या होत्या.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, "स्टेज खराब होईल, आजी. नुसती ॲक्शन करा, गाणं आम्ही मोबाइलवर लावतो."
"रिकामं जातं फिरवत नसतात, माय. अन् मले गाता येते, तोंड हालवता येत नाई."
तरी स्पीकरवर कुणा बाईचा गोडमिट्ट आवाज सुरू झाला. सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी मान हलवली. फिरवा.
दगडावर दगड. पहिल्या रांगेतली एक पोर ओरडली, "आजी, पीठ काहून नाई पडून राह्यलं?" सगळी शाळा हसली.
त्या पोरीलाच तेवढं कळलं.

१५ डिसें.
अकोल्याच्या कॉन्व्हेंटात मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. सुट्टीत घरी आले की आई पहाटे दळताना गायची, आणि मी दार लावून स्पेलिंगं घोकायची. आईची एक ओवी येत नाही मला. एकही नाही. सुभद्राबाई आईच्या शेजारणीची लेक. आईची चाल आता फक्त त्यांच्या गळ्यात उरली आहे.

१८ डिसें.
केनवडला गेले. जात्याची वरची तळी काढून भिंतीला लावलेली. सून म्हणाली, "तवापासून एक ओवी नाई म्हनली."
सुभद्राबाई म्हणाल्या, "पोट्टे हासले त हासू द्या. तुमी कायले मान हालवली, बाई?"
अख्खं रिसोड माझ्या जिभेला भितं. मी मात्र भिंतीला लावलेल्या तळीवरची धूळ हाताने पुसत बसले.

२३ डिसें.
शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "व्हिडिओ छान आलाय, मॅडम! मुलांनी एन्जॉय केलं."
"मुलांनी मोबाइल ऐकला. तो त्यांच्या घरी आहे."
चहा न घेता उठले.

२ जाने.
सुनेचा फोन. छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलेल्या सुभद्राबाईंना घरी आणलं; डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. दोन शब्दांत धाप लागते. पण काल स्वतःहून विचारलं म्हणे, "पोट्टे येतीन का अंगनात? दाने घेऊन?"

४ जाने.
शाळेला दिलेल्या पत्राची नक्कल :
'चौथीच्या मुलांना केनवडला, सुभद्राबाईंच्या अंगणात आणावे. प्रत्येकाने मूठभर ज्वारी आणावी. पीठ का पडत नाही असं विचारणारी मुलगी सर्वांत पुढे बसवावी. आरंभी आपण व मी, दोघींनी मुलांदेखत त्यांची माफी मागू. त्यांचा दम टिकेल तेवढ्याच ओव्या होतील, एक झाली तरी एक. पुढचं सत्र, स्नेहसंमेलन, अनुकूल तारीख वगैरे कळवू नये. त्यांच्यापाशी तेवढा वेळ नाही. शुक्रवार, १० जाने., सायंकाळी पाचच्या आत उत्तर हवे. फोन नको, मोबाइलवरचा अंगठा नको. लेखी, सहीनिशी.'