सासूबाईंची दोन विमानं, फुकटचं आणि विकतचं

ती. दादांना,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला, छकुलीचे पडलेले दात (की आले नवे?), सगळं सविस्तर कळवा. आम्ही ठणठणीत. तुमच्या मातोश्री तर इतक्या ठणठणीत आहेत की मला संगणकापुढची खुर्चीच मिळत नाही, म्हणून हे पत्र हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर रागावू नका. चष्मेवाल्याचं अक्षर चष्मा लावूनही लागत नाही, असं त्याच म्हणतात.

तुम्हाला ठाऊक आहे, दुकानामागच्या खोलीत मी संगणकावर विमान उडवतो. (तुमची बहीण याला खेळ म्हणते, मी सराव म्हणतो.) त्यात मागाहून जोडायची निराळी प्रवासी विमानं मिळतात, काही फुकट, काही विकत. इतकी वर्षं मी फुकटचं उडवत होतो. चार-पाच हौशी मराठी माणसांनी आपापला नोकरीधंदा सांभाळून ते बनवलंय. बाहेरून देखणं, पण आत निम्मी बटणं नुसती रंगवलेली, दाबली तरी ढिम्म. तरी बिचारं कुरकुर न करता उडायचं. पण सुखाचा जीव दुःखात घालायची मला हौस, मी विकतचं घेतलं. (घरात 'दुकानाच्या कामाचं आहे' असं सांगितलंय, तेवढं पोटात ठेवा.) या विमानात एकही बटण खोटं नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं. सोबत नऊशे पानांचं माहितीपुस्तक आलं, ते मी छापून घेतलं आणि खुर्चीवर उंची वाढवायला ठेवलं. अकरा दिवस विमान सुरूच होईना. बाराव्या दिवशी आतले दिवे लागले, त्या आनंदात मी चहा प्यायला गेलो, तर परत येईपर्यंत बॅटरी उतरलेली! बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मी आत अंधाऱ्या विमानात चाचपडत होतो.

तेवढ्यात सासूबाई डोकावल्या. तुम्हाला काय सांगायचं, चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई. छापील कागद दिसला की हात लाल पेन्सिलीकडे जातो. त्यांनी माझ्याखालून ते पुस्तक काढून घेतलं. नऊ दिवसांत नऊशे पानं संपवली, एकसष्ट चुका काढल्या आणि दहाव्या दिवशी माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. "जावईबापू, पान दोनशे बारा. आधी पंप, मग इंजिन. तुम्ही उलटं करताय." इंजिन घरघरलं. कृतज्ञतेने मी खुर्चीतून उठलो. उठलो तो उठलोच.

मग त्यांनी फुकटच्या विमानाचं माहितीपत्रकही तपासलं आणि दोन्हीकडे चुकांची यादी पाठवली. विकतच्या कंपनीकडून 'आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो' असं उत्तर आणि एक लांबलचक क्रमांक आला. पुढे सगळं शांत. फुकटच्या मंडळींकडून मात्र दुसऱ्याच दिवशी पत्र. लिहिणारा दिवसा शिंपी आणि संध्याकाळी विमानाचे पंख बनवणारा. 'इतकं बारकाईने आमचं कुणी वाचलंच नव्हतं, चुकलो, माफ करा,' असं त्याने लिहिलं होतं. पंधरवड्यात सुधारलेलं विमान आलं आणि बनवणाऱ्यांच्या यादीत शेवटी तुमच्या आईचं नाव. दादा, जन्मभर दुसऱ्यांची नावं दुरुस्त केलेली ही बाई. त्यांनी ते नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "वेलांटी चुकलीय," म्हणाल्या. मी कळवू का विचारलं, तर त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "राहू दे. त्यांना पुन्हा कशाला त्रास?" चूक दिसूनही सोडून दिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्यांचं मत आता पक्कं आहे: फुकटच्यात माणसं चांगली, विकतच्यात विमान चांगलं.

आता खरं ते लिहितो. सासूबाई चार वर्षं समुद्रापलीकडे तुमच्याकडे आल्या नाहीत, छकुलीला फोनवरच पाहिलं. 'घर कोण बघणार' हे निमित्त होतं. "जे वाटेत बिघडलं तर रस्त्याच्या कडेला घेता येत नाही त्यात मी बसणार नाही," हे त्यांनी फक्त मुलीला सांगितलं होतं. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी त्या एकाएकी म्हणाल्या, "एक इंजिन बंद पाडा." विकतच्यात हवा तो बिघाड करता येतो. मी पाडलं. विमान एका अंगाला झुकलं, लाल दिवे पेटले, भोंगा वाजायला लागला. स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला मी, त्या नव्हेत! सासूबाईंनी पान उघडलं, बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचली, तसतसं केलं आणि विमान जरा तिरकं का होईना, धावपट्टीवर आणून टेकवलं. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसल्या. "एकावरही येतं की हो!" एवढंच बोलल्या. पुढच्या आठवड्यात माझ्याकडून सतरा वेळा इंजिन बंद पाडून घेतलं आणि सतराव्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन मुलीला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

मी यंत्रातली हुशारी पुष्कळ पाहिलीय, पण सत्तरीत आपल्या भीतीचं मुद्रित तपासणारी बाई एकच. वहिनींना नमस्कार, छकुलीला पापा.

तुमचा,
चष्मेवाला

ता. क. त्या सात तारखेला सकाळी पोचताहेत, न्यायला या. तिकीट काढल्यावर मला कळलं की ते विमान निराळ्याच बनावटीचं आहे, त्यांनी पाठ केलेलं नव्हे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. उतरल्यावर त्या बटणांविषयी काही बोलल्या, तर नुसती मान डोलवा.

ता. क. पुन्हा. सोबत मीही जावं असं घरात ठरलंय, माझंही तिकीट निघालंय. दादा, मी आजवर खऱ्या विमानात पाऊल ठेवलेलं नाही, आणि ती सतरा इंजिनं पाहिल्यापासून मला जेवण जात नाही. तेव्हा हात जोडून विनंती, एक तारखेच्या आत फोन करून तुमच्या बहिणीला सांगा, की तुमच्याकडे पाहुण्याला खाट एकच आहे.