विहिरीतला दम

पिंपळगाव बसवंत,
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. तेजू,

आईचा आशीर्वाद. तिने तो आधी लिहायला लावला. माझा घ्यायचा की नाही, ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझ्या तोंडून हे निघणार नाही. म्हणून शेजारच्या अमोलदादाकडून कोरे कागद आणून बसलोय.

इकडे द्राक्षं उतरून बाग खाली झाली. ऊन असं की कुत्रं टेम्पोखालून हलत नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. भाकरी वाढते, पण "अजून घ्या" म्हणत नाही. छाती बरी आहे, थुंकीतून रक्त पडायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता विहिरीत उतरायचं नाव काढायचं नाही. चाळीस वर्षं कुणाची मोटार विहिरीत पडली की सावळीराम नानाला बोलवा, असं होतं. पाच परस, म्हणजे तीस फूट पाण्याखाली जायचं, मोटारीला साखळी बांधायची आणि एका दमात वर. अगं, लोक काठावर उभं राहून आकडे मोजायचे! ते संपलं. असो.

मालवणला, लोकांना समुद्राखाली न्यायला तुला बोटीवर उभी पाहिली आणि माझा ऊर भरून आला. तिथे बोललो नाही, आता लिहितो. सकाळी पाण्याकडे बघून तू म्हणालीस, "बाहेरच्या खडकावर आज नको. वरून शांत दिसतंय, पण खाली ओढ आहे, पाणी गढूळ असेल." माझ्याबरोबर आलेल्या सहाही गाववाल्यांची तोंडं उतरली. फोटोत तीच जागा पाहून आले होते ना! मी तर हसलोच. म्हटलं, समुद्र ताटासारखा सपाट आहे, ही काय सांगते. तेवढ्यात दुसरी एक बोट तिकडे गेली आणि अर्ध्या तासात परत आली. त्यांच्या माणसांना खाली स्वतःचा पंजा दिसत नव्हता.

तू आम्हाला किल्ल्यामागच्या आडोशाला नेलंस. भरती पुरी झाली की तिथलं पाणी पाऊण तास थांबतं, म्हणालीस. आणि थांबलं की! फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पोवळी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, सगळं लख्ख. मला विहिरीचं पाणी कळतं तसं तुला समुद्राचं कळतं. छे, जास्तच कळतं. विहीर बिचारी जागची हलत नाही.

मग खाली माझ्या डोळ्यानाकावरच्या चष्म्यात पाणी शिरलं आणि नाकात गेलं. विहिरीत असं झालं की एकच करायचं असतं. दम गच्च धरायचा आणि पाय मारत वर सुटायचं. हातापायांनी तेच केलं, मला विचारलंसुद्धा नाही. तू माझा पट्टा धरून मला खाली ओढत राहिलीस आणि पोटात गुद्दे घातलेस. बापाच्या पोटात गुद्दे! तेव्हा लय राग आला. पण त्या गुद्द्यांनीच छातीतली हवा बाहेर पडली. डॉक्टर म्हणाले, पाठीवरच्या बाटलीतली हवा छातीत कोंडून वर आलं की ती फुगते. पोरीने ती काढली नसती तर तुमचं फुप्फुस फुटलं असतं.

हे सगळं तुला माहीतच आहे. तरी मी लिहीत बसलोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

बोटीवर माझ्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता. तुझ्या मालकांनी विचारलं, "काका, श्वास रोखायचा नाही, हे तुम्हाला सांगितलं होतं का?" सहाही जण बघत होते. त्यांना मी नाशिकपासून सांगत आलो होतो की मला कसली बाटली लागते, मी बिनबाटलीचा पाच परस जातो. त्यांच्यासमोर कसं कबूल करू? मी मान हलवली. नाही म्हणून.

तू माझ्याकडे बघितलंस. मग खाली वाकून माझ्या पायातले ते रबरी पंख काढत बसलीस.

तुला पाण्यातल्या कामावरून काढलं आणि हवेच्या बाटल्या भरायला बसवलं, हे आईकडून कळलं. मी म्हटलं, चार दिवसांची गोष्ट आहे. ती फाडकन म्हणाली, "तुमचं नाक वर राहावं म्हणून लेकीला बुडवलंत."

परवा धीर करून मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "तिने लिहून दिलंय की चूक तिची. वडील म्हणून नीट समजावलं नाही, त्यांना पुन्हा काही विचारू नका." फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन ढसाढसा रडलो. तू माझी अब्रू वाचवलीस, आणि मी तुझी भर समुद्रात घालवून आलो होतो.

काल सहाही जणांना चहाला बोलावलं. म्हटलं, ऐका. माझ्या पोरीने मला तीनदा सांगितलं होतं. एकदा किनाऱ्यावर, एकदा बोटीवर आणि एकदा पाण्यात उतरल्यावर, हनुवटी धरून. "नाना, दम धरायचा नाही. श्वास चालू ठेवायचा. विहिरीतलं इथे विसरा." आणि मी तिला म्हणालो होतो, तू मला पाणी शिकवतेस का?

कुणी हसलं नाही. धनराज आबा म्हणाले, "सावळ्या, हे बोटीवरच बोलायला पायजे होतं." म्हटलं, व्हय आबा, पायजे होतं.

तेच सगळं कागदावर लिहून मी सही केली, खाली सहाही जणांच्या साक्षीच्या सह्या घेतल्या. मग मालकांना पुन्हा फोन करून खरं सांगितलं, तर म्हणाले, असा कागद हातात पडला की तिला त्याच दिवशी पाण्यात घेतो. तो याच पाकिटात आहे. त्यांना परस्पर पाठवणार होतो, पण आई म्हणाली, आधी तिला वाचू दे. आता माझं नाव जपायला तो लपवून ठेवशील, तर याद राख. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दुसरा लिहून स्वतः घेऊन येईन. माझ्या नावाची काळजी करू नकोस. सावळीरामची पोरगी समुद्र वाचते, हे आता मी ज्याला त्याला सांगतो, न विचारता सांगतो.

कागद त्यांच्या हातात दे आणि पाण्यात जा. वर आलीस की मला फोन कर आणि बोटीवर गिळलंस ते सगळं बोल. शिव्या दे हवं तर. या वेळी ऐकेन.

तेजस्विनीचा बाप,
सावळीराम