माझ्या जागी जयेश

ल्यूकन,
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. कानात मशीन घालूनही फोनवर नुसती खरखर येते म्हणता, तर पत्रच बरं. तुमचं अक्षर अजून तसंच टपोरं आहे. संक्रांतीचे लाडू यंदाही चुकणार. तीळ इथे मिळतात, पण चिक्कीचा गूळ नाही, आणि मिळाला तरी वळणार कोण?

बाकी ठीक. थंडी आहे, पाऊस आहे, साडेचारलाच अंधारून येतं. नवीन वर्षाचा संकल्प विचारलात. केलाय, आणि चक्क पाळतोय! पाचला लॅपटॉप बंद. ॲथलोनच्या प्लांटमधून निघालो की सव्वासहाला घरात. शनिवार-रविवार ईमेल बघत नाही. आमचा बॉस डेक्लन भलताच खूश आहे. "फेअर प्ले टू यू, यश!" अशी शाबासकी देत त्याने सहा फेब्रुवारीला सगळ्या विभागासमोर माझं भाषण ठेवलंय. विषय, काम आणि घर यांचा समतोल. हसा खुशाल.

घरी येऊन मी काय करतो, हे त्याने विचारलं नाही. कुकर लावतो. एका माणसाच्या भाताचा अंदाज अजून येत नाही. तिघांचा होतो आणि तीन दिवस पुरतो.

हे वाक्य तुम्ही परत वाचलं असणार.

तुम्ही लिहिलंय, "रेवाची उंची वर्षभरात काहीच कशी वाढली नाही? दूध पिते ना?" बाबा, ख्रिसमसच्या झाडापाशी उभी असलेली रेवा त्याच्या आदल्या ख्रिसमसची आहे. नोव्हेंबरपासून मी तुम्हाला जुनेच फोटो पाठवतोय. रेवा इथे नाही. दिवाळीत पद्मजा तिला घेऊन पुण्याला आली. दोघी निगडीला अक्षयाकडे, पद्मजाच्या बहिणीकडे आहेत. तुमच्या सहकारनगरपासून तासाभरावर. "बाबांना मी सांगतो" असं मी पद्मजाला बजावलं होतं, म्हणून ती तुमच्याकडे आली नाही. मी सांगितलंच नाही. लाज वाटत होती. आता तुम्हाला अडीच महिने नातीपासून लांब ठेवल्याची त्याहून जास्त वाटतेय.

झालं असं. ऑक्टोबरमध्ये प्लांटचं ऑडिट होतं. दिवसाला तीस-तीस मीटिंगची आमंत्रणं यायची. मी निम्मी न वाचता नाकारायचो आणि उरलेली "माझ्या जागी तू जा" म्हणून जयेशकडे ढकलायचो. जयेश माझ्या हाताखाली काम करतो, आमच्याच गल्लीच्या मागे राहतो. रेवाने आईच्या फोनवरून मला तसंच एक आमंत्रण पाठवलं होतं. "रेवाचा डान्स. शाळेचा हॉल, चार वाजता. डॅड, प्लीज." आठवडाभर ती मला तोंडी सांगत होती म्हणे. शेवटी मला कळेल अशा भाषेत सांगितलं. मी तेही न वाचता जयेशकडे ढकललं.

आणि तो गेला हो! साहेबाने पाठवलं म्हणजे जायचं, असा गुणी माणूस. पद्मजाने माझ्यासाठी धरून ठेवलेल्या खुर्चीत बसला. सवयीप्रमाणे मला अहवालही पाठवला. "रेवा दुसऱ्या रांगेत होती. एकही स्टेप चुकली नाही. दार वाजलं की दाराकडे बघत होती. मी जोरात टाळ्या वाजवल्या."

पद्मजा भांडली नाही. बॅग भरताना एवढंच म्हणाली, "तुझ्याशी भांडायलासुद्धा आधी वेळ घ्यावी लागते रे."

आता वेळच वेळ आहे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, रेवामुळे माझ्याही तोंडी तेच बसलंय. त्या प्रेसमध्ये तिचं सिरिअलचं खोकं अजून अर्धं आहे. मी ते उघडत नाही, टाकतही नाही. फार एकटा पडलोय, बाबा.

खरं तर तुम्ही निगडीला जावं, यशोधन सुधारलाय, पाचला घरी येतो, असं पद्मजाला समजावावं, एवढं सांगायला आज पत्र लिहायला बसलो होतो. तसं एक पान लिहूनही झालं. मग वाचलं आणि कसंतरीच झालं. तुम्हालाही मी माझ्या जागी पाठवत होतो. ते पान फाडून टाकलं.

रेवाकडे जरूर जा. आजोबा म्हणून जा. रथसप्तमीच्या आत हे पत्र पोचलं तर तिळगूळही न्या. उशीर का झाला असं तिने विचारलं, तर माझं नाव सांगा. पण माझी बाजू मांडू नका.

तीन आठवड्यांची रजा घेतलीय. सहा फेब्रुवारीला सकाळी पुण्यात उतरतोय. भाषणाचं आमंत्रण नाकारलं. या वेळी वाचून नाकारलं, आणि जयेशकडे ढकललं नाही. रेवा तिथे डान्सच्या क्लासला जाते, तो किती वाजता असतो, हे गेल्या आठवड्यात पद्मजाला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. नुसतं "चार."

पावणेचारला मी दारात उभा असेन.

तुमचा, या वेळी स्वतः येणारा,
यशोधन