मुख्य खात्याचा कोड

४ मार्च

संचालकबाईंचं फर्मान — महिनाअखेर संस्थेच्या सगळ्या खात्यांना नवे नियम! पासवर्ड लांबलचक, वर मोबाइलवर येणारा कोड. आमच्या एका दवाखान्याच्या खात्यात कुणी परकं शिरलं, म्हणून ही धावपळ. नियम लावायचे मी. त्यासाठी मुख्य खातं उघडावं लागतं, आणि त्याचा कोड दर वेळी जातो तिच्या मोबाइलवर.

खातं तिनेच सुरू केलं होतं. तेव्हा आम्ही दोघं याच खोलीत शेजारी बसायचो. आता ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या नोकरीत. आमचा घटस्फोटही झाला.

फोन केला. तिने सहा आकडे सांगितले. मी थँक्यू म्हटलं. इतकी वर्षं जिच्याशी भांडलो, तिला थँक्यू!

७ मार्च

हिशेबनीसकाका सकाळीच डोक्यावर बसले. आपल्याच घरात शिरायला बेल वाजवायची का, म्हणे. यांचा पासवर्ड स्क्रीनवर चिकटवलेला, अख्ख्या कचेरीला तोंडपाठ! समजावता समजावता घसा कोरडा पडला.

त्या निमित्ताने बाकीचं काम उद्यावर ढकललं. खरं तर एका बैठकीत उरकलं असतं. पण मग उद्या तिला फोन कशासाठी करणार?

८ मार्च

केला. मागे नळ चालू होता. जेवलीस का, विचारलं. "आधी कोड टाक, शिळा होईल," म्हणाली.

जेवली की नाही, ते कळलंच नाही.

१३ मार्च

नर्सेसची खाती झाली. त्यांच्या मोबाइलवरच उरकलं, मुख्य खातं लागलं नाही; म्हणून फोन नाही. काही लिहावंसं वाटत नाही.

१९ मार्च

संचालकबाईंनी नियमांचा मसुदा वाचला. सोडून गेलेल्यांचे नंबर खात्यांवरून काढावेत — हे कलम मीच लिहिलेलं! बोट तिथेच ठेवून त्यांनी विचारलं, "मग मुख्य खात्यावर अजून तिचाच का?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कीव करत होत्या. घरी येऊन दार लावलं आणि हमसून हमसून रडलो. तिच्याशिवाय मला करमत नाही. एवढंच आहे, दुसरं काही नाही.

२६ मार्च

शेवटचा फोन. म्हटलं, तुझा नंबर काढतोय, आता त्रास नाही. तिने आकडे सांगितले, एकेक, सावकाश.

आणि म्हणाली, "त्रास नव्हता रे."

आकडे टाकायचे सोडून मी तो 'रे'च मनात घोळवत बसलो. तेवढ्यात कोड शिळा. पुन्हा मागवला, तिने पुन्हा वाचला. खातं उघडलं, पण नंबर काढायला मन धजेना. नियम करणाराच खातं उघडं टाकून घरी आला! शाब्बास.

२७ मार्च

काढला. वाटलं होतं, खात्यावर एकही नंबर उरला नाही अशी तंबी येईल, मग आपला घालू. तंबी आलीच नाही. तिच्या नंबरखाली माझा नंबर होता. तिनेच घातलेला, नोकरी सोडून गेली त्या दिवशी; तारखेची नोंद शेजारीच होती. कोड दुसऱ्या नंबरवर मागवायची सोय दर वेळी समोर होती, मी कधी तिकडे पाहिलंच नाही.

म्हणजे कोडसाठी मला तिची गरज नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी दर वेळी फोन उचलत होती.